हिरव्या बादलीचा नंबर

४ मार्च, सोमवार

ही डायरी साथीवर काम करणाऱ्या संस्थेच्या मॅडमनी दिली. वरती संस्थेचं चित्र आहे, दोन ओंजळी आणि मध्ये एक थेंब. कागद इतका गुळगुळीत आहे की पेन घसरतं. "काकू, रोज लिहा, मनात येईल ते लिहा," म्हणाल्या. वस्तीत कोण आजारी पडलं त्याचा अहवाल मी फोनवर पाठवणारच आहे. हे मात्र माझं मला. मॅडमनाही दाखवायचं नाही.

माझा धंदा शिवणाचा. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, कोणाच्या विजारीची कंबर सैल कर, असली कामं. या वयात डायरी लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण वस्तीत कावीळ शिरलीय आणि वस्तीच्या समितीचं तोंड मी आहे. तोंड कोणी केलं? माझ्याच सुनेनं. "आई, तुम्ही बोला, तुमचा आवाज मशीनच्या वर जातो," म्हणाली आणि मला पुढे ढकललं.

पोटुशी बाई या काविळीत सापडली तर वाचणं कठीण, असं सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर सांगतात. मागच्या गल्लीतली इस्त्रीवाल्याची मुलगी गेली. तिच्यामागून आणखी एक गेली. माझ्या सुनेला सहावा लागतोय. ती हसते, खाते, माझ्याशी वाद घालते, आणि मी चोरून तिचे डोळे बघते. माझा जीव टांगणीला लागलाय हे तिला कळू द्यायचं नाही.

दोष पाण्यात आहे हे शेंबडं पोरही सांगेल. नळ सोडला की आधी वास येतो, मग पाणी येतं. म्हणून तर बादल्यांची रांग लागली. ती कल्पनाही सुनेचीच. आमच्या नळावर एक नियम आहे. बादली ठेवली की नंबर लागला. तुम्ही खुशाल घरी जा, चूल पेटवा, बादली तुमच्या जागी उभी असते. दुसऱ्याच्या बादलीला कोणी हात लावत नाही. जन्माचं वैर असलं तरी नाही. सून म्हणाली, हीच रांग नळाऐवजी पाणी खात्याच्या दारात लावू.

लावली. घोषणा नाहीत, फलक नाहीत, दारापासून रस्त्यापर्यंत नुसत्या रिकाम्या बादल्या. चिरलेल्या, वितळलेल्या, तारेच्या कडीच्या, रंगाचे डबे, सगळ्या. साहेब लोक उड्या मारत आत जायचे. वॉचमननं एक बादली उचलायला हात घातला तर आमची शेजारीण ओरडली, "हात लावू नका! तिथे माझी सासू उभी आहे!" सासू जाऊन वर्षं झाली. हिचं तोंड दिवसभर चालू असतं म्हणून आम्ही तिला रेडिओ म्हणतो. वॉचमननं हात मागे घेतला, तोही कुठल्यातरी नळावर रांग लावत असणार.

शेवटी पाणी खात्याचे इंजिनिअर बाहेर आले. गटाराखालून जाणारा पाइप कुजलाय हे कबूल केलं. बदलून देतो म्हणाले, मंजुरीसाठी थोडा वेळ मागितला. आम्ही म्हटलं, द्या, बादल्यांना कुठे घाई आहे?

७ मार्च, गुरुवार

मॅडम घरी आल्या. मशीनच्या स्टुलावर बसल्या, कोरा चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला. मला ती मुलगी आवडली. वयानं माझ्या लेकाएवढी असेल. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते.

संस्था आमच्या वस्तीसाठी खूप काही करायला तयार आहे. रुग्णवाहिका, औषधं, घरोघरी फिरणाऱ्या बायकांना मानधन, प्रत्येक घराला शुद्ध पाण्याचा जार. ऐकता ऐकता मला भरून आलं. इतक्या वर्षांत या गल्लीत कोणी आपणहून काही घेऊन आलं नव्हतं.

मग मॅडम जरा चाचरल्या. "काकू, एकच आहे. आमचे विश्वस्त सेवेला मदत करतात. आंदोलनाला त्यांना करता येत नाही. त्या बादल्या जरा…"

सून कोपऱ्यात गणवेशाला बटणं लावत होती. तिनं मानही वर केली नाही. "मॅडम, पाइप बदला म्हणणं हे आंदोलन कसं?"

"माझ्या दृष्टीनं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण वरती फोटो जातात. दाराशी अडवणूक दिसली की फाइल थांबते. मी खरं सांगतेय तुम्हाला."

"मग खरं सांगा वरती."

मी सुनेकडे डोळे वटारले. पाहुण्यांशी बोलायची ही काय तऱ्हा? मॅडमना म्हटलं, समितीला विचारते. पण मनातून माझं ठरलं होतं. पाइप बदलायला किती महिने लागतील देव जाणे. जार तर लगेच येतोय. पोटुशी बाई माझ्या घरात आहे, मी आधी काय बघायचं?

८ मार्च, शुक्रवार

बादल्या उचलल्या. तात्पुरत्या, असं मी सगळ्यांना सांगितलं. इंजिनिअर साहेबांनी खिडकीतून बघितलं आणि हात केला. सून रात्री माझं ताट वाढून झोपायला गेली.

१३ मार्च, बुधवार

शनिवारी प्रशिक्षण झालं. आम्हाला निळे कोट मिळाले आणि गळ्यात अडकवायचं कार्ड. कार्डावर माझा फोटो आणि खाली 'समन्वयक'. आरशात बघून घेतलं. खोटं कशाला बोलू, ऐट वाटली. रेडिओ म्हणाली, "आता तुला हाक मारायची की अर्ज करायचा?"

डॉक्टरीण बाईंनी लक्षणं पाठ करून घेतली. जेवणाची शिसारी. अंग मोडून येणं. मळमळ. अंगाला खाज. लघवी गडद. आणि मग डोळे पिवळे. डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका, म्हणाल्या, आधीच ओळखा. मी सगळ्या बायकांकडून म्हणून घेतलं. माझी तर झोपेतून उठवलं तरी चुकणार नाहीत.

आणि काम होतंय. हे लिहून ठेवायला हवं, कारण सून सारखी नाक मुरडते. कोपऱ्यावरच्या चांभाराच्या बायकोला चौथ्या महिन्यात पकडलं, रुग्णवाहिका दारात आली, बाई वाचली. संस्था नसती तर तिला हातगाडीवरून न्यावं लागलं असतं. चांभार माझ्या पाया पडायला लागला. मी म्हटलं, माझ्या नको, मॅडमच्या पड. मॅडम लाजून लाल झाल्या.

१८ मार्च, सोमवार

आज घरोघरी जाऊन बादल्या गोळा केल्या. उघड्या भांड्यात सगळ्यांचे हात जातात, त्यातून रोग फिरतो, म्हणून जुनी बादली द्या आणि झाकणाचा, तोटीचा नवा जार घ्या, अशी योजना. बरोबरच आहे. डॉक्टरीण बाईही तेच म्हणाल्या.

तरी बायका बादल्या सहजासहजी सोडेनात. जिच्या कडीला चिंधी गुंडाळून हाताला सवय लावलीय ती बादली म्हणजे काय, घरातलंच माणूस. रेडिओनं आपली दिली, परत मागितली, पुन्हा दिली. मी कोट घालून दारोदार समजूत काढत होते. भंगारवाल्याचा टेम्पो भरला तेव्हा ढिगाचा फोटो काढला. मॅडम म्हणाल्या, फोटो फार बोलका आलाय.

आमच्या घरची हिरवी बादली सापडेना. कड वितळलेली, चीर बुजवायला सुनेनं तव्याची खालची बाजू तापवून डागलेली. विचारलं तर म्हणे, "गेली असेल टेम्पोत." ही मुलगी खोटं बोलताना नखं बघते. पलंगाखाली असणार. समन्वयकाच्याच घरात जुनी बादली निघाली तर लोक काय म्हणतील? पण पोटुशी आहे, जाऊ दे म्हटलं.

२० मार्च, बुधवार

जार आले! सभागृहात रचून ठेवलेत, भिंतच उभी राहिलीय निळी. पण वाटायचे नाहीत. रविवारी मोठे विश्वस्त विमानानं येणार आहेत, त्यांच्या हस्ते वाटप. मॅडम म्हणाल्या, तोवर कुलूप ठेवा, एकदा का घरोघरी गेले की कार्यक्रमाला काय दाखवणार? चावी माझ्याकडे.

बायका कुरकुरतायत. बादल्या गेल्या, जार कुलपात, मग पाणी भरायचं कशात? मी म्हटलं, स्वयंपाकाची पातेली आहेत ना, काढा रविवारपर्यंत. इतकी वर्षं काढली.

आमचा गॅसही आजच संपला. सून प्यायचं पाणी उकळून घेते, ते राहिलं. सिलिंडर सोमवारी येतोय. तिनं चावीकडे बघितलं. "आई, एक जार आणता येणार नाही का आपल्याला? तुमच्याकडेच तर आहे चावी." मी म्हटलं, सगळ्यांच्या आधी समन्वयकाच्या घरात जार? तोंड दाखवायला जागा राहील का? रेडिओकडून उकळून आण थोडं. ती म्हणाली, रेडिओकडे सात माणसं आहेत, कितीदा मागू. असो. चार दिवसांचा प्रश्न आहे.

२४ मार्च, रविवार

कार्यक्रम छान झाला. मोठे विश्वस्त म्हातारे आहेत, हात थरथरतो, पण माणूस मायेचा. पहिला जार कोणाला द्यायचा यावर मॅडमचं आधीच ठरलं होतं. सुनेला. पोट आता दिसायला लागलंय. विश्वस्तांनी जार तिच्या हातात दिला, डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "हे पाणी तुझ्या बाळासाठी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे फोटो काढत होते.

घरी आल्यावर तिला म्हटलं, जरा हसायचं होतंस. ती म्हणाली, "जार जड होता, आई. कोणी खाली ठेवू देईना."

५ एप्रिल, शुक्रवार

पाणी खात्यात गेले होते. कोट घालून, कार्ड लावून, बादलीबिदली काही नाही. खुर्ची मिळाली. इंजिनिअर साहेब गोड बोलले. "आता तुम्हाला जार मिळतायत ना? मग पाइपची घाई काय? दुसऱ्या वस्त्या आहेत यादीत, त्यांना तर काहीच नाही." मंजुरीचं विचारलं तर म्हणाले, ती पुढच्या वर्षात गेली.

मी उठून नमस्कार केला. त्यांचं बोलणं तसं चूकही वाटत नव्हतं.

सून मात्र उसळली. "रांग लावा परत. उद्याच लावा." कशाची लावू, म्हटलं, बादल्या तर भंगारात गेल्या. "जार लावा!" मी मॅडमना फोन केला. त्या घाबरल्याच. "काकू, कृपा करून जार नको. त्यावर संस्थेचं चिन्ह आहे. एक फोटो बाहेर गेला तर पुढचा टप्पा बंद होईल. सगळ्या वस्त्यांचा." सगळ्या वस्त्यांचा म्हटल्यावर मी काय बोलणार?

फोन ठेवला तर सून माझ्याकडे बघत होती. "आई, आपल्याकडे एक गोष्ट होती जिला ते घाबरायचे," म्हणाली. "ती आपण टेम्पोत भरून दिली." मी म्हटलं, इतकं डोकं चालवू नकोस, बाळाला ताप होईल.

१९ एप्रिल, शुक्रवार

कामाचा डोंगर आहे. मॅडमना रोज आकडे लागतात. दुसऱ्या टोकाला नवे रुग्ण निघाले, दिवसभर पायाला भिंगरी. शिवणाचं काम साठलंय, ते सुनेनं बघायचं तर बाईसाहेब मशीनवर बसल्या की जांभया देतात. कालपासून जेवणही टाकलंय. भात समोर आला की तोंड फिरवते. म्हटलं, सातव्या महिन्यात डोहाळे लागायला तू काय राजाची राणी? ती हसली. हसताना भिंतीला टेकली.

जारही आता एका दिवसाआड येतो. पहिला टप्पा संपत आलाय म्हणे.

२२ एप्रिल, सोमवार

मोठी बातमी! राजधानीत परिषद आहे. निरनिराळ्या संस्था, देणगीदार, परदेशी पाहुणे. वस्तीचा अनुभव सांगायला माझं नाव गेलंय. जायचं-यायचं भाडं, हॉटेल, सगळं त्यांचं. मी हॉटेलात कधी राहिले नाही. रेडिओ म्हणाली, परत येशील ना, की तिथेच नाव लावशील?

सून सारखी हात खाजवतेय. नवीन गाऊनचं कापड बाजारचं आहे, त्याचंच ते. म्हटलं तरी ऐकत नाही, सुती घाल. चहाचा वासही नको म्हणते. लेक ट्रकवर, त्याचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, सगळं ठीक आहे. मलाही जाऊ नका म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "लवकर या."

२५ एप्रिल, गुरुवार

हॉटेलच्या खोलीत लिहितेय. गादी इतकी मऊ की पाठ दुखते.

माझं बोलणं झालं. घराघरातल्या बायका आठवल्या आणि सुटले. लक्षणं कशी पाठ केली ते सांगितलं, एकेक म्हणून दाखवलं. शिसारी, अंग मोडणं, मळमळ, खाज. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मागे भिंतभर मोठा फोटो होता. मी वळून बघितलं तर आमची सून. हातात जार, डोक्यावर विश्वस्तांचा हात. एवढ्या मोठ्या फोटोत तिचा चेहरा पहिल्यांदा नीट बघितला. दमलेला दिसला.

नंतर एका गोऱ्या बाईंनी दुभाष्याकरवी विचारलं, आता वस्तीला सगळ्यात जास्त गरज कशाची आहे? मी तोंड उघडलं. पाइप म्हणणार होते. मॅडम पहिल्याच रांगेत होत्या, त्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, जागृतीची.

टेबलावर प्रत्येकाला सीलबंद पाण्याच्या बाटल्या होत्या. लोक दोन घोट पिऊन सोडून देत होते. मी न उघडलेल्या दोन पिशवीत टाकल्या. सुनेला नेते. तिला सांगेन, ही घे तुझ्या फोटोची कमाई.

२७ एप्रिल, शनिवार

रेडिओ बस थांब्यावर उभी होती. ती गप्प होती. तिला गप्प बघितलं आणि मी तिथेच पिशवी खाली ठेवली.

काल दुपारी तिनंच बघितलं. सून कपडे वाळत घालत होती, उन्हात तोंड वर केलं, तर डोळे हळदीसारखे. रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसऱ्या वस्तीत होती. मग चांभाराच्या हातगाडीवरून नेलं.

दवाखान्यात खाटेवर पडलीय. चेहरा, हात, नखं, सगळं पिवळं. मला बघून हसली. मी पिशवीतून बाटली काढली, सील तोडलं, तिच्या ओठाला लावली. एक घोट घेतला.

"सीलबंद," ती म्हणाली. "आमची मजा आहे."

मी बाहेर येऊन जिन्यावर बसले. माझ्या गळ्यात अजून कार्ड होतं.

२९ एप्रिल, सोमवार

डॉक्टर तरुण आहेत, दोन रात्री झोपलेले नसावेत. म्हणाले, हा रोग आत गेल्यावर महिना-सव्वा महिन्यानं डोकं वर काढतो. "मागच्या महिन्याच्या शेवटाकडे कुठलं पाणी पीत होती?"

मी म्हटलं, जारचं. आमच्याकडे घरोघर जार आहेत.

त्यांनी लिहून घेतलं. मी तिथेच उभी राहिले. मागच्या महिन्याच्या शेवटाकडे. गॅस संपला होता. चावी माझ्या कमरेला होती. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले तरी मी उभी होते.

सून अर्धवट शुद्धीत आहे. मध्येच माझा नंबर कुठवर आला, असं विचारते. नळावर उभी आहे असं वाटत असावं तिला. मी म्हणते, आलाच, दोनच बादल्या पुढे आहेत.

१ मे, बुधवार

बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. संध्याकाळी सूनही गेली.

११ मे, शनिवार

लेक आला तेव्हा सगळं उरकलं होतं. कडेला ट्रक लावून तसाच आला, चपला दोन पायांत दोन तऱ्हेच्या. रडला नाही. तिच्या गादीवर बसून राहिला. मग म्हणाला, "आई, तू होतीस कुठे?"

मी सांगितलं, परिषदेला.

"तुला तर सगळी लक्षणं येतात."

तो चिडून बोलला नाही. चिडला असता, चार भांडी फेकली असती, तर मी सोसलं असतं. त्यानं नुसतं विचारलं, जसं वाट चुकलेला माणूस विचारतो. मी दिवसाला पन्नास बायकांचे डोळे बघत होते. तिच्या डोळ्यांकडे चोरून बघायचे ते कधी बंद केलं, मला आठवत नाही.

१४ मे, मंगळवार

मॅडम आल्या. दारातच रडायला लागल्या. मला मिठी मारली. मी तिला थोपटत होते, आणि मनात येत होतं, हे उलटं चाललंय.

सुनेचा फोटो सगळीकडून काढून टाकायला सांगितलाय, म्हणाल्या. वार्षिक पुस्तिका मात्र छापून झालीय. त्यांनी स्वतःच्या पर्समधून एक पाकीट काढलं, संस्थेचं नाही, त्यांचं. मी परत केलं. मग सांगितलं की पहिला टप्पा संपलाय. दुसरा टप्पा इथे होणार नाही, संस्था आता तापाच्या साथीसाठी दुसरीकडे जाणार आहे. जार या महिन्याअखेर बंद.

"आणि पाइप?" मी विचारलं.

त्यांनी पर्सची चेन लावली. "काकू, मी एकटी असते ना, तर तुमच्या रांगेत येऊन बसले असते."

"मग या," मी म्हटलं.

त्यांचा हात गळ्यातल्या कार्डाकडे गेला. तिथेच थांबला. मला तिचा राग यायला हवा होता. कीव आली. तिनं कप आजही विसळून ठेवला.

१८ मे, शनिवार

लेकानं पलंग हलवला, भिंतीला रंग द्यायला म्हणून. खाली हिरवी बादली होती.

आत बाळाचे कपडे. झबली, टोपडी, एक बोटभर लांबीचे मोजे. आमचे निळे कोट मी सगळ्यांच्या मापाला आखूड केले होते, त्याच्या कात्रणांचे शिवलेले. मी घरी नसताना मशीनवर बसून शिवले असणार, आणि मी म्हणत होते जांभया देते. शिवण बारीक आहे, सरळ आहे. माझ्याच हाताखाली शिकली. सगळीकडे कापड कमी पडलंय म्हणून जोड दिलाय, पण कोटांवरचं ओंजळी आणि थेंबाचं चित्र कुठेच येऊ दिलं नाही. तेवढं कापून काढलंय.

मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले. लेकही रडला. रेडिओ भिंतीपलीकडून हाक मारत होती.

कपडे ट्रंकेत ठेवले. बादली रिकामी राहिली.

२० मे, सोमवार

पाणी खातं उघडायच्या आधी गेले. दाराच्या बरोबर मध्ये हिरवी बादली ठेवली आणि पायरीवर बसले. कोट घातला नव्हता.

वॉचमन आला. तोच. "आता परत काय काकू? ही कोणाची?"

"सुनेची."

"मग ती कुठाय?"

मी सांगितलं. त्यानं टोपी काढली, परत घातली. म्हणाला, वाईट झालं. मग साहेबांची गाडी येताना दिसली तशी कावराबावरा झाला. "काकू, ती आता यायची नाही. बादली घेऊन जा. मला बोलणी बसतील."

मी म्हटलं, "नंबर तिचा आहे. मी नुसती राखतेय."

इंजिनिअर साहेब उतरले. बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ओळख पटली तशी नजर वळवली. बादली ओलांडायला पाय उचलला आणि खाली ठेवला. मग बाजूच्या छोट्या दारानं आत गेले.

दुपारी रेडिओ आली. हातात काही नाही. "माझी बादली तू नेलीस," म्हणाली. "मीच उभी राहते." हिरव्या बादलीच्या मागे, एका माणसाची जागा सोडून, उभी राहिली. मधली जागा कोणाची ते मी विचारलं नाही. तिच्यामागे इस्त्रीवाला आला. मग चांभार आणि त्याची बायको, पोटावर हात धरून. तिला मी सावलीत बसवलं.

संध्याकाळी दार बंद करताना वॉचमननं विचारलं, आता तरी उचलू का? मी म्हटलं, तुमच्या नळावर उचलता का दुसऱ्याची? बादली तशीच ठेवून त्यानं दाराची एकच फळी लावून घेतली.

आम्ही घरी आलो. लेकानं पाणी उकळत ठेवलंय. बादली तिथेच आहे.